सुपुत्र उजवीकडे, कुपुत्र डावीकडे

लडगेट हिल, लंडन
ईस्टरनंतरचा गुरुवार, सन १७५४

गिडियन यास थोरल्या भावाचा आशीर्वाद. (अकरा वर्षांत पहिल्यांदाच पाठवतो आहे, त्यामुळे जरा शिळा लागेल. पण आशीर्वाद आहे, ठेवून घे.) तुझी प्रकृती बरी असेल, ग्रेव्हसेंडची दमट हवा तुझ्या छातीला मानवत असेल, शिडं शिवून शिवून बोटांची चाळण झाली नसेल, असं मी धरून चालतो. विचारलं असतं, पण उत्तर यायला वेळ लागतो आणि मला वेळ नाही. इकडे तुझी वहिनी डॉर्कस बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. दुकान बरं आहे, म्हणजे उघडं आहे. माझा डावा गुडघा दुखतो. आईची तब्येत मात्र उत्तम आहे. इतकी उत्तम की काल सकाळी तिने आपली पेटी भरली, दोरीने बांधली आणि तिच्यावरच बसून राहिली. शनिवारी ओहोटीबरोबर ग्रेव्हसेंडची होडी सुटते, तिच्यातून तुझ्याकडे कायमची राहायला येणार म्हणते. पंच्याहत्तर वर्षांची बाई! आणि मला न विचारता! हे असं का झालं ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. दुसरा काही हेतू नाही.

तू ती सहा चित्रं पाहिली असशीलच. नसतील पाहिली तर ग्रेव्हसेंडात तू एकटाच उरला असशील, कारण टेम्सच्या दोन्ही काठांवर अशी एक खानावळ नाही जिच्या भिंतीवर तुझा थोरला भाऊ टांगलेला नाही. या शहराला हल्ली उपदेशाची चटक लागली आहे. पूर्वी लोक तो चर्चमध्ये ऐकत आणि झोपत. आता विकत घेऊन भिंतीवर लावतात आणि जागेपणी बघतात. सहा चित्रांत एक आयुष्य: पहिल्यात पोरगा गोंडस, दुसऱ्यात संगत वाईट, तिसऱ्यात चौथ्यात घसरगुंडी, आणि सहाव्यात एकतर फास नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. खाली उपदेशाच्या चार ओळी. (लोक पहिलं चित्र उभ्या उभ्या बघतात, आणि चौथ्यावर, जिथे माणूस पुरता वाया गेलेला असतो, तिथे दुकानाच्या काचेला नाक लावून अर्धा तास थांबतात. उपदेशाची भूक म्हणतात ती हीच.) तर असाच एक संच टोबायस पिंडर नावाच्या चित्रकाराने काढायला घेतला. दोन सख्खे भाऊ, थोरला सुपुत्र, धाकटा कुपुत्र. एकेका चित्रात दोघंही शेजारी शेजारी, म्हणजे बघणाऱ्याने इकडून तिकडे मान वळवावी आणि सुधारावं.

पिंडर माझं जुनं गिऱ्हाईक. तांब्यावर चित्रं कोरताना हाताला ॲसिडने भोकं पाडून घेतो आणि मग ती झाकायला माझ्याकडे बकऱ्याच्या कातड्याचे हातमोजे मागतो. मागच्या हिवाळ्यात दुकानात बसून रडगाणं गायला लागला, की कुपुत्राचा चेहरा शहरात कुठेही मिळतो हो, पण सुपुत्राचा मिळत नाही. ज्याला विचारावं तो एक तर हसतो नाहीतर दारू पितो. मी नुसता सरळ बसलो. (उजेड माझ्या उजव्या गालावर पडत होता, तो योगायोग.) पिंडरने माझ्याकडे पाहिलं, आणि मग गोष्ट काय असावी असंही विचारलं. मी सांगितली. आता भावाभावांची गोष्ट सांगायची तर मला दुसरी कुठली येते? बाबा गेले त्या दिवशी आईने दुकानाच्या किल्ल्या थोरल्याच्या हाती दिल्या, धाकटा जिनच्या दारूपायी गाठोडं घेऊन निघून गेला, थोरल्याने आईला सांभाळलं. यात खोटं काय आहे? नाव मी तुझं घेतलं नाही. तुझा चेहरा कसा होता तेही मी सांगितलं नाही, ते आईने सांगितलं. पिंडर तिचं चित्र काढायला आला तेव्हा ती दोन तास तुझ्याबद्दल बोलत होती. माझ्याबद्दल तिला कुणी विचारलं नाही, कारण मी समोरच होतो.

त्याचा परिणाम असा झाला की कुपुत्र भलताच देखणा उतरला. झोपलेला असो, पडलेला असो, गटारात असो, बघणाऱ्याला वाटावं की याला उचलून घरी न्यावं. मी तेव्हाच हरकत घेतली. पिंडर म्हणाला, "क्लॅपकॉटसाहेब, पाप देखणं नसेल तर त्यात पडेल कोण?" मी म्हटलं, मग निदान कोण सुपुत्र आणि कोण कुपुत्र ते खाली ठळक अक्षरात लिहा. तो म्हणाला, ज्याला चित्र बघून कळत नाही त्याला वाचूनही कळायचं नाही. तो हट्टी, आणि मीही बाबांचाच मुलगा. शेवटी तो एका सरदाराच्या बायकोचं चित्र काढायला केंटला गेला, आणि मी त्याच्या पाठीमागे सहाही तांब्याचे पत्रे नावं कोरणाऱ्याकडे नेले. ईस्टरआधीचा उपासाचा महिना लागण्याआधी चित्रं बाजारात यायला हवी होती. त्या महिन्यात लोक पश्चात्तापाला जरा मोकळे असतात.

आता नीट वाच, कारण यात माझी काही चूक नाही. चित्रकार आधी कागदावर चित्र काढतो. मग तेच पत्र्यावर जसंच्या तसं कोरतो, आणि पत्रा छापला की कागदावर ते उलटं उमटतं. डाव्या हाताचा मोजा आतून बाहेर काढला की उजव्या हाताचा होतो, तसं. हे मला कळायला हवं होतं. पंचवीस वर्षं मी मोजे शिवतो आहे, डावा आणि उजवा हे माझं पोटापाण्याचं ज्ञान आहे. मूळ कागदावर सुपुत्र उजव्या हाताला होता (मानाची बाजू, मीच मागून घेतली होती) आणि कुपुत्र डाव्या. मी नावं कोरणाऱ्या म्हाताऱ्या योलच्या पुढ्यात छापाचा नमुना ठेवायच्या ऐवजी तो मूळ कागद ठेवला आणि म्हटलं, "सुपुत्र उजवीकडे, कुपुत्र डावीकडे, सहाही ठिकाणी, आणि चूक करशील तर बघ." त्याने चूक केली नाही. छापल्यावर सरळ वाचता यावीत म्हणून अक्षरं उलटी कोरली, आणि मी सांगितलं तशीच ती कागदावर उमटली: सुपुत्र उजवीकडे, कुपुत्र डावीकडे. चेहरे तेवढे छापताना बाजू बदलून आले. छापखान्यात पहिला ओला कागद माझ्या हातात दिला तेव्हा तो मी नीट पाहिला असंही नाही. मी फक्त माझं तोंड पाहिलं. चांगलं आलं होतं. म्हटलं, चालू द्या.

तर आता तिसरी आवृत्ती निघाली आहे. पहिल्या चित्रात हातात प्रार्थनेचं पुस्तक घेतलेला पोरगा, त्याच्या पायाखाली 'कुपुत्र'. शेजारी कुत्र्याच्या अंगावर डोकं टेकून झोपलेला तू, खाली 'सुपुत्र'. लोकांना वाटलं, वा! काय चतुर चित्रकार आहे, ढोंगी पोर कसं ओळखू येतं बघा, पुस्तकाआडून कसं बघतंय! (मी बघत नव्हतो, पिंडर म्हणाला होता इकडे बघा.) पाचव्यात मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, डोळे आढ्याकडे. तू बाहेर पायरीवर पालथा आणि तुझा पाव कुत्रा ओढून नेतोय. पिंडरने तो नीचपणाचा कळस म्हणून काढला होता. आता लोक म्हणतात, स्वतः उपाशी आहे पण मुक्या जनावराला घास देतोय. बायका रडतात! मी स्वतः फ्लीट स्ट्रीटवर दुकानाच्या काचेसमोर गर्दीत मागे उभा राहून ऐकलं. आणि सहावं तर विचारूच नकोस. आई मरणाच्या दारात (चित्रातली, खरी तुझ्या समोर धडधाकट येऊन उभी राहीलच) आणि मी पलंगाशी गुडघे टेकून तिचा हात प्रेमाने दोन्ही हातांत धरलाय. एक मासळीवाली, डोक्यावर पाटी, दुसरीला म्हणाली, "बघ गं मेल्याला. म्हातारीचा जीव जायचाय अजून, आणि अंगठी काढून घेतोय." तिने मग मागे वळून पाहिलं. एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे. "अगं बाई," म्हणाली, "हा तर मोकळा हिंडतोय अजून."

तेव्हापासून माझं जगणं काय झालंय ते सांगत नाही. थोडंच सांगतो. गिऱ्हाईक मोजे घालून बघताना आपल्या अंगठ्या आधी बायकोकडे देतं. आमच्या पाद्रीसाहेबांना मी छापायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की या चित्रांवर प्रवचन करा. त्यांनी केलं. पण त्यांनी चित्रं बाजारातून विकत घेतलेली, त्यामुळे जे छापलं होतं त्यावर केलं. पाऊण तास ढोंगावर बोलले. पहिल्या बाकावर बसणाऱ्या, डोळे आढ्याला लावणाऱ्या माणसावर बोलले. मी पहिल्या बाकावर होतो. खाली बघावं तर लाज वाटल्यासारखं दिसतं, समोर बघावं तर निर्लज्ज, म्हणून सवयीने वर बघितलं, आणि सगळं चर्च हसलं. डॉर्कसही हसली. चौदा वर्षांच्या संसारात मी तिला चर्चमध्ये हसताना पाहिलं नव्हतं, घरात तर नाहीच.

पिंडर केंटहून परत आल्या आल्या मी त्याला गाठलं. म्हटलं, पत्रे घासा, नावं बदला, वर्तमानपत्रात जाहीर करा की उलट झालंय. तो बिचारा आधी घाबरला होता. पण एव्हाना खप बघून त्याला धीर आला होता. म्हणाला, "साहेब, मी वीस वर्षं उपदेश विकतोय. चांगल्याला चांगलं आणि वाइटाला वाईट म्हणणारे संच गोदामात उंदीर कुरतडतात. हे एकच चित्र लोकांना खरं वाटलं, आणि तेही आपल्या दोघांच्या हातून चुकून झालं. आता मी खरं घासून काढू?" मी म्हटलं, हे खरं नाही. तो म्हणाला, "मी कुठे म्हणतो? गिऱ्हाईक म्हणतं." आणि वर नवे मोजे मागितले. मी दिले. (दोन्ही डाव्या हाताचे. तेवढंच.)

हे सगळं मी सोसलं असतं. पण घरात ती चित्रं येऊ द्यायची नाहीत हा माझा नियम, आणि आईला तर कुणी काही बोलायचं नाही ही सक्त ताकीद. मंगळवारी ती चष्मा लावून खिडकीत बसली होती आणि सहाही कागद तिच्या मांडीवर होते. कोणी आणून दिले ते विचारू नकोस, मी डॉर्कसला विचारलं तर ती भांडी घासायला गेली. आई बाकीचं काही बघत नव्हती. तिसरं चित्र तेवढं घेऊन बसली होती. तुला ते आठवत असेल, म्हणजे चित्र नाही, तो दिवस. बाबांना पुरून आलो ती संध्याकाळ. तू गाठोडं घेऊन जिन्याच्या खाली, आई वर, मी मधे. चित्रात आईचा हात आणि माझा हात यांच्यामध्ये किल्ल्यांचा जुडगा आहे. पिंडरने तो असा काढलाय की आई देतेय की मी घेतोय हे नुसतं बघून कळत नाही. खालचं नाव वाचलं की कळतं.

आई म्हणाली, "हे त्या पिंडरला कुणी सांगितलं रे?" मी तिला सगळं समजावलं, मोजा उलटा करून दाखवला, डावं उजवं दाखवलं, चित्र आरशासमोर धरून दाखवलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे नावं त्याने नाही घातली?" मी म्हटलं, नाही, मी घातली. "तू स्वतः?" म्हटलं, होय. "बरं झालं," म्हणाली, "मला वाटलं, तुला आठवतच नाही." आणि उठली, आणि पेटी उघडली.

आता तूच सांग. त्या दिवशी तू खाली होतास, तुला वरचं नीट दिसलं नसणार. आईने किल्ल्या दिल्या असं मी अकरा वर्षं इतक्या लोकांना सांगितलं आहे, की तिने दिल्या का मी तिच्या कमरेच्या काढून घेतल्या हे आता मलाच नक्की आठवत नाही. तिने हात पुढे केला होता एवढं आठवतं. तो मला द्यायला होता की तुला थांबवायला, ते मी तेव्हा विचारलं नाही. मी तिला दुपारी जेवायला काय, हिवाळ्यात शाल कुठली, पायाखाली गरम वीट, कशाचं म्हणून कमी पडू दिलं नाही. कोणालाही विचार. विचारायला कोणी उरलं असेल तर.

तेव्हा गैरसमज करून घेऊ नकोस, एवढंच. तुझ्या घरच्यांना योग्य तो निरोप सांग. (लग्न झालं म्हणे. मला कळवलं नाहीस ते बरोबर केलंस, मी आलो नसतो.)

कुठल्याही बाजूने पाहिलास तरी तुझा थोरला भाऊ,
एफ्राइम क्लॅपकॉट

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आई दारात उभी राहिली की तिला सांग, जागा नाही. खोली लहान आहे, बायको खाष्ट आहे, छत गळतं, काय वाटेल ते सांग. पण ठेवून घेऊ नकोस. दोन दिवस पाहुणचार कर आणि पुढच्या भरतीला परत पाठव. लोक काय म्हणतात ते मी बघून घेईन, लोक पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाचा फास बघायला जातील. पण ती तुझ्याकडे राहिली तर ते चित्र खरं झालं, आणि खरं झालेलं मला कुठल्या दगडाने घासून काढता येईल? मी आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

आणखी एक ता. क., शुक्रवार. रात्रभर विचार केला. तिला तोंडावर नाही म्हणायला तुला जमणार नाही, तू पहिल्यापासून मऊ. म्हणून दुसरं सुचवतो. तू चार वर्षं थेंबाला शिवला नाहीस हे मला ठाऊक आहे. (मी चौकशी ठेवतो. सुपुत्र असो नाहीतर कुपुत्र, भाऊ आहे.) तर एकच दिवस, शनिवारी दुपारपुरती, थोडी जिन घे. पडण्याइतकी नको, वास येण्याइतकी. आई दारातूनच परत फिरेल. वाईट वाटून घेऊ नकोस, मला तुझं वाईट व्हावं असं नाही वाटत, फक्त अर्धा दिवस दिसावं. पत्र आजच्या होडीने पाठवतो म्हणजे वेळेत पोचेल. डॉर्कस हे मागे उभी राहून वाचते आहे.

शेवटचा ता. क., शनिवार दुपार. कालची होडी चुकली. म्हणजे चुकली नाही, मी धक्क्यावर पत्र घेऊन उभा होतो, होडीवाला हात पुढे करून उभा होता, आणि मी ते खिशात घालून घरी आलो. का, ते मला विचारू नकोस. आई आज सकाळी गेली. डॉर्कस पोचवायला गेली आहे, आणि डॉर्कसनेही पेटी नेली आहे, चार दिवसांसाठी जरा मोठी. म्हणजे हे तुला मिळेल तेव्हा त्या दोघींचं तुझ्याकडे जेवूनही झालेलं असेल, आणि वरच्या दोन्ही विनंत्या वाया गेल्या. कागद चांगला आहे म्हणून फाडत नाही. आई भांडली नाही. निघताना माझ्या गळपट्ट्याची गाठ नीट केली आणि म्हणाली, दुकानात थंडी असते, शेकोटी पेटवत जा.

आता तिच्याबद्दल थोडं सांगतो, तुला माहीत नसणार. पावाच्या कडा तिला चावत नाहीत, त्या काढून दुधात भिजव. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूने बोल. (या वेळी डावी म्हणजे डावीच.) आणि पहाटे पाचच्या सुमाराला ती झोपेत हाक मारते. कुणी ओ दिली नाही तर घाबरून उठून बसते आणि मग दिवसभर डोकं धरून असते. हाक तुझ्या नावाने असते. अकरा वर्षं मीच ओ देत आलो आहे. आता तू दे. फक्त जरा जाड्या आवाजात दे, तिला त्याचीच सवय आहे.